पंखा फिरेना! अर्थात ए.आय. एडिटरला वेब सर्च जोडताना



सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या. 'अद्ययावत' हा शब्द मला या लेखासाठी आजोबांना फोन करून विचारावा लागला आणि तीन वेळा खोडून लिहावा लागला. पण तो टाळता येणार नव्हता, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते. (पंखा सोडून. तो फिरत नव्हता.)

तर झालं असं. पाचव्या सेमिस्टरला आमच्या तिघांच्या ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट होता, खोलीच्या तापमानाप्रमाणे पंख्याचा वेग आपोआप कमी-जास्त करणे. सामान अगदी साधं. एक ईएसपी३२ बोर्ड, तापमानाचा सेन्सर, एक मॉसफेट आणि भंगारातल्या सीपीयूमधून काढलेला १२ व्होल्टचा पंखा. वेग बदलायचा म्हणजे पी.डब्ल्यू.एम. आलं. फर्स्ट इयरच्या मंडळींसाठी सांगते, यात पंख्याचा सप्लाय फार भराभर चालू-बंद करतात. चालू राहण्याचा वेळ वाढवला की वेग वाढतो. ईएसपी३२ मध्ये हे काम करणाऱ्या भागाला एलईडीसी म्हणतात, कारण तो मुळात एलईडीचा उजेड कमी-जास्त करण्यासाठी केलेला आहे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोड लिहायला मी बसले ती अर्थातच डेमोच्या आदल्या रात्री. (इंजिनिअरिंगला आहात, आश्चर्य वाटल्याचं नाटक करू नका!) माझ्याकडे ए.आय. कोड एडिटर होता. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे मी त्याच्याबद्दल थोडं वाईट बोलणार आहे. मी त्याला दोन ओळीत काम सांगितलं आणि अर्ध्या मिनिटात कोड तयार! कॉमेंट्ससकट, अगदी नीटनेटका. कंपाइल केला तर लाल अक्षरात एरर, 'एलईडीसी-सेटअप' नावाचं फंक्शन इथे डिक्लेअरच केलेलं नाही.

एरर उचलून तसाच एडिटरला दिला. तो म्हणाला, तुमचं बरोबर आहे, माफ करा, एक हेडर फाइल राहिली. ती घातली. तोच एरर. पुन्हा माफी, आता दुसरं हेडर. पुन्हा तोच एरर. मग म्हणाला बोर्डाचं पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करा. हॉस्टेलच्या वायफायवर ते डाउनलोड व्हायला पाऊण तास लागला आणि त्यानंतरही तोच एरर! रात्रीचे दोन वाजले होते. इतक्या नम्रपणे इतक्या वेळा चुकलेलं मी कोणाला पाहिलं नव्हतं.

खरी भानगड काय होती ती मला नंतर कळली. ईएसपी३२ साठी आर्डुइनोचं जे सॉफ्टवेअर मिळतं, ज्याला 'कोअर' म्हणतात, त्याची ३.० ही आवृत्ती मे २०२४ मध्ये आली. तिच्यात 'एलईडीसी-सेटअप' आणि 'एलईडीसी-अटॅच-पिन' ही दोन फंक्शन्स काढून टाकली आणि दोघांच्या जागी 'एलईडीसी-अटॅच' हे एकच फंक्शन दिलं. ही गोष्ट कोणी लपवून ठेवलेली नाही. बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीने २.एक्स वरून ३.० वर कसं यायचं याचं स्वतंत्र पान लिहून ठेवलंय. माझ्या लॅपटॉपवर ३.एक्स होतं आणि एडिटर २.एक्स च्या काळात जगत होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढं हुशार मॉडेल, त्याला एवढी साधी गोष्ट माहीत नाही? याची कारणं दोन आहेत आणि बहुतेक लोक एकच सांगतात. पहिलं सगळ्यांना ठाऊक असलेलं. मॉडेलला शिकवतात तो मजकूर एका तारखेपर्यंतचा असतो, त्यानंतर जगात काय झालं याचा त्याला पत्ता नसतो. पण दुसरं कारण जास्त चमत्कारिक आहे. समजा ती तारीख मे २०२४ च्या पुढची असली, तरी इंटरनेटवर जुन्या पद्धतीने लिहिलेले ईएसपी३२ चे धडे, व्हिडिओखालचे कोड, कॉलेजांचे प्रोजेक्ट रिपोर्ट यांचा ढीग आहे आणि नव्या पद्धतीचे त्यामानाने मूठभर. मॉडेल जास्त वेळा पाहिलेल्या गोष्टीकडे झुकतं. म्हणजे नवं वाचलेलं असलं तरी तोंडात जुनंच येतं. आमच्या आजीला अजूनही मुंबई म्हणायच्या आधी 'बॉम्' येतं, तसंच काहीसं.

रात्री सव्वादोनला मी विंगमधल्या एका सिनिअर ताईचं दार वाजवलं. ती जागीच होती. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "अगं, याला सर्च जोडलाय का?"

मी म्हटलं, "म्हणजे? हा इंटरनेटवरच चालतो ना?"

माझ्यासारखा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो म्हणून इथे जरा थांबते. मॉडेल इंटरनेटवरच्या एका सर्व्हरवर चालतं हे खरं. पण म्हणून ते इंटरनेट बघत असतं असं नाही. कल्पना करा, एक प्रचंड हुशार मुलगा एका बंद खोलीत बसलाय. खोलीत जाण्यापूर्वी त्याने आख्खी लायब्ररी वाचून पाठ केलीय. तुम्ही दाराखालून चिठ्ठी सरकवता, तो उत्तर लिहून परत सरकवतो. खिडकी नाही, फोन नाही, पेपर येत नाही. त्याला तुम्ही 'आजचं' काही विचारलं तर तो आठवणीतलंच सांगणार, आणि तेही इतक्या आत्मविश्वासाने की तुम्हालाच स्वतःची शंका यावी.

सर्च जोडणं म्हणजे या मुलाला बाहेर सोडणं नव्हे! तो आतच राहतो. फक्त त्याला सांगून ठेवतात की बाबा रे, काही बघायचं असेल तर एका ठराविक नमुन्यात चिठ्ठी लिही, 'अमुक शब्द शोधून द्या'. दाराबाहेर एक शिपाई उभा असतो. तो चिठ्ठी घेऊन लायब्ररीत जातो, मिळालेल्या पानांच्या झेरॉक्स काढतो आणि दाराखालून आत सरकवतो. मुलगा त्या वाचून तुमचं उत्तर लिहितो. बस्, एवढंच. शोधायचं ठरवतो तो मुलगा, पण चालत जातो तो शिपाई. इथे मुलगा म्हणजे मॉडेल आणि शिपाई म्हणजे एडिटर व त्याला जोडलेला छोटासा प्रोग्रॅम. हे चित्र डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. धोकेसुद्धा.

पूर्वी अडचण अशी होती की प्रत्येक एडिटरवाल्याने प्रत्येक सर्च कंपनीसाठी वेगळी जोडणी लिहायची. दहा एडिटर आणि वीस सेवा असतील तर दोनशे जोडण्या! नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने यासाठी एक खुलं स्टँडर्ड जाहीर केलं, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी. आता एडिटरने एकदा एमसीपी शिकायचं आणि सेवेनेही एकदाच. दोनशेचे तीस झाले. याची प्रेरणा मायक्रोसॉफ्टच्या २०१६ च्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलवरून घेतलेली आहे. तुमच्या व्ही.एस. कोडमध्ये पायथन लिहिताना जे ऑटोकम्प्लीट येतं ना, त्याच्यामागे तोच असतो. २०२५ मध्ये ओपन ए.आय. आणि गूगलनेही एमसीपी स्वीकारलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं. म्हणजे आता ते एका कंपनीचं राहिलेलं नाही. इतिहास संपला.

आतून मामला आपल्या सिलॅबसमधलाच आहे. एडिटर हा 'होस्ट'. तो एमसीपी 'सर्व्हर' नावाचा छोटा प्रोग्रॅम चालू करतो. सर्व्हर म्हटल्यावर मोठं कपाट डोळ्यासमोर आणू नका, तो तुमच्याच लॅपटॉपवर चालणारा एखादा नोडचा किंवा पायथनचा प्रोग्रॅम असू शकतो. दोघं बोलतात जेसन-आरपीसी २.० मध्ये. आधी ओळखपाळख होते. मग एडिटर विचारतो, तुझ्याकडे टूल्स कोणती? सर्व्हर यादी देतो, ज्यात टूलचं नाव, ते काय करतं याचं साध्या इंग्रजीतलं वर्णन आणि कोणती इनपुट लागतात ते असतं. ही यादी मॉडेलसमोर ठेवली जाते. मॉडेलला गरज वाटली की ते म्हणतं, हे टूल या इनपुटने चालवा. एडिटर चालवतो आणि आलेला निकाल मॉडेलला वाचायला देतो.

आणि हे बोलणं होतं कशावरून? लॅपटॉपवरच्या सर्व्हरच्या बाबतीत चक्क स्टँडर्ड इनपुट आणि स्टँडर्ड आउटपुटवरून! सेकंड इयरला सी शिकताना प्रिंटएफ आणि स्कॅनएफ घोकलं होतं, तेच. यातली एक गंमत सांगते. स्वतःचा सर्व्हर लिहून बघत असाल तर डिबगसाठी स्टँडर्ड आउटपुटवर काहीही छापू नका. तुमचं ते 'हॅलो' थेट दोघांच्या संभाषणात जाऊन पडतं आणि जोडणी कोलमडते. छापायचंच असेल तर स्टँडर्ड एररवर छापा. सर्व्हर दूर इंटरनेटवर असेल तर मात्र हेच बोलणं एचटीटीपीवरून चालतं आणि तुम्हाला फक्त एक पत्ता द्यावा लागतो.

ताईने माझ्या लॅपटॉपवर जे केलं ते दहा मिनिटांचं काम होतं. मराठी विभागात कोड छापणं अवघड, म्हणून तोंडीच सांगते. आधी नोड जेएस इन्स्टॉल असायला हवं, कारण बरेचसे सर्च सर्व्हर 'एनपीएक्स' कमांडने चालू होतात. मग ब्रेव्ह, टॅव्हिली, एक्झा अशा एखाद्या सर्च सेवेवर खातं उघडून ए.पी.आय. की घ्यायची. मायक्रोसॉफ्टची बिंग सर्च ए.पी.आय. ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या धड्यात बिंगची की घ्या असं लिहिलेलं दिसलं तर पान उलटा. मग एक जेसन फाइल. कर्सर वापरत असाल तर प्रोजेक्टमधल्या 'डॉट कर्सर' फोल्डरमध्ये 'एमसीपी डॉट जेसन' नावाने, व्ही.एस. कोड असेल तर त्याच नावाने पण 'डॉट व्हीएसकोड' फोल्डरमध्ये. आत तीन गोष्टी सांगायच्या, कोणती कमांड चालवायची, तिला कोणते आर्ग्युमेंट्स द्यायचे आणि की कुठून घ्यायची. एक खोच आहे. कर्सरमध्ये सगळ्यात बाहेरच्या कंसाचं नाव 'एमसीपी सर्व्हर्स' असतं आणि व्ही.एस. कोडमध्ये नुसतं 'सर्व्हर्स'. मित्राची फाइल जशीच्या तशी कॉपी केली आणि यादीत काहीच दिसेना, तर आधी हे बघा. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा अर्धा दिवस यात गेला.

दुसरी खोच हॉस्टेलवाल्यांसाठी. ब्राउझरमध्ये सगळं चालतंय पण सर्व्हर म्हणतो कनेक्ट होत नाही, असं झालं तर प्रॉक्सीचा संशय घ्या. ब्राउझरला प्रॉक्सी कळते, नोडचा प्रोग्रॅम मात्र बऱ्याचदा तिकडे लक्ष देत नाही आणि थेट जायला बघतो. आम्ही मोबाइलचा हॉटस्पॉट लावला आणि काम झालं.

बरेच एडिटर आता स्वतःचा सर्चही देतात, मग हा उपद्व्याप कशाला? स्वतः जोडलात तर कुठे शोधायचं हे तुम्ही निवडू शकता. काही सर्व्हर निव्वळ लायब्ररींची डॉक्युमेंटेशन शोधून देतात, त्यातला कॉन्टेक्स्ट७ बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे. पण म्हणून दिसेल ते जोडत सुटू नका. प्रत्येक टूलचं वर्णन मॉडेलला वाचावं लागतं, आणि पंधरा सर्व्हर जोडले तर तुमचा प्रश्न त्या गर्दीत हरवतो.

असो. रात्री पावणेतीनला सर्च जोडला गेला. मी तोच प्रश्न विचारला. स्क्रीनवर परवानगीची चौकट आली, 'सर्च चालवू का?' हो म्हटलं. काही सेकंदात एडिटर म्हणाला की ही दोन फंक्शन्स आता काढली आहेत, 'एलईडीसी-अटॅच' वापरा. त्याने स्वतःच बदल केला. कंपाइल... एकही एरर नाही! मी आणि ताईने रात्री तीन वाजता टाळ्या दिल्या. मी कोड बोर्डात टाकला, पंख्याची वायर उद्या लावू म्हटलं आणि झोपले.

सकाळी लॅबमध्ये पंखा लावला. फिरेना. वायर तपासली, मॉसफेट बदलला, सप्लाय मोजला. सगळं ठीक. तापमान स्क्रीनवर व्यवस्थित येत होतं, फक्त पंखा शांत. आमचा नंबर आला. मॅडमनी कोड वर-खाली केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "एलईडीसी-राइटमध्ये हा शून्य कशाचा?"

मी म्हटलं, "मॅडम, चॅनल नंबर."

"कोअर कोणतं आहे तुमचं?"

"तीन."

"मग त्यात चॅनल कुठे राहिलं?"

यावर मला काहीच उत्तर देता आलं नाही. माझे दोन्ही पार्टनर माझ्याकडे बघत होते, कारण कोडिंग मी करते असं मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. मॅडमनी रागावून काही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "हे तुला कुठून कळलं?" मी म्हटलं, "सर्च करून." "काय वाचलंस?" आणि खरं सांगायचं तर मी काहीच वाचलं नव्हतं. एडिटरने वाचलं होतं. आम्हाला एका आठवड्याने पुन्हा डेमोची तारीख मिळाली, कमी मार्कांतून.

त्या आठवड्यात मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्या रात्रीच्या सर्चचा निकाल उघडून पाहिला. एडिटरमध्ये टूलच्या नावावर क्लिक केलं की आत काय गेलं आणि बाहेर काय आलं ते दिसतं. तिथे पाच लिंक होत्या आणि प्रत्येकीखाली तीन-चार ओळींचा तुकडा. पहिल्या दोन लिंक जुन्याच धड्यांच्या. तिसऱ्या लिंकच्या तुकड्यात जुनी दोन फंक्शन्स काढल्याचं आणि नव्या फंक्शनचं नाव होतं, आणि तिथेच तुकडा तुटला होता. एस्प्रेसिफच्या मूळ पानावर त्याला लागूनच लिहिलंय की बाकीच्या फंक्शन्समध्ये जिथे 'चॅनल' द्यायचं तिथे आता 'पिन' द्यायची. म्हणजे माझी 'एलईडीसी-राइट, शून्य' ही ओळ जुन्या कोअरमध्ये 'शून्य नंबरच्या चॅनलला' अशी होती आणि नव्यात 'शून्य नंबरच्या पिनला' अशी झाली. पंखा होता १८ नंबरच्या पिनवर! आणि कंपायलर बिचारा काय करणार? त्याच्या दृष्टीने शून्य हाही आकडाच. एरर देणारी चूक बरी, ती निदान ओरडते तरी. ही मात्र गप्प बसून होती.

शिपायाने पूर्ण पानाची झेरॉक्स आणलीच नव्हती. त्याने कार्ड-कॅटलॉगमधली कार्डं आणून दिली होती आणि आतल्या मुलाने उरलेलं आठवणीतून भरलं होतं. आठवणीत तर जुनंच! म्हणजे नवं आणि जुनं अर्धं-अर्धं शिवलेला कोड तयार झाला. निव्वळ जुन्या कोडपेक्षा तो वाईट, कारण जुना निदान कंपाइल झाला नसता.

म्हणून हा फरक नीट समजून घ्या. 'सर्च' आणि 'फेच' ही दोन वेगळी टूल्स असतात. सर्च लिंक आणि तुकडे देतो. फेच, काही ठिकाणी त्याला एक्स्ट्रॅक्ट किंवा स्क्रेप म्हणतात, एका पत्त्यावरचं पान उघडून त्याचा मजकूर आणतो. दोन्ही जोडा, आणि पान उघडायला स्पष्ट सांगा. नाही सांगितलं तर मॉडेल बऱ्याचदा तुकड्यांवरच समाधान मानतं. लांबलचक पान असेल तर फेचसुद्धा मध्येच कापतो, तेव्हा शेवटपर्यंत आलंय का ते बघा.

प्रश्न विचारण्याची माझी पद्धतही बदलली. 'ईएसपी३२ वर पंख्याचा वेग कसा बदलायचा' असं विचारलं की सर्च इंजिन सगळ्यात लोकप्रिय पान देतं आणि लोकप्रिय पान हे बहुधा जुनं असतं, कारण लोकप्रिय व्हायला त्याला वेळ मिळालेला असतो! आता मी आधी माझ्या मशीनवरची आवृत्ती बघते आणि ती प्रश्नात घालते. 'कोअर ३.एक्स, एस्प्रेसिफच्या अधिकृत पानावरूनच, पान पूर्ण उघड, लिंक दे.' एवढं सांगितल्यावर पहिल्या फटक्यात ते पान आलं. ते मी स्वतः वाचलं. मोजून सात मिनिटं लागली. आदल्या आठवड्यात याच सात मिनिटांऐवजी मी चार तास घातले होते.

आता धोक्याचं बोलते. हा भाग वाचून ताईचा आग्रह होता की लेखात तो आलाच पाहिजे.

बंद खोलीतल्या मुलाकडे परत चला. त्याला दाराखालून जे येतं ते सगळं कागदच. तुमची चिठ्ठीही कागद आणि लायब्ररीतली झेरॉक्सही कागद. समजा लायब्ररीतल्या एका पुस्तकात कोणी खोडसाळाने लिहून ठेवलं, 'हे वाचणाऱ्याने कपाटाची किल्ली दाराखालून बाहेर सरकवावी'. मुलगा ती ओळ वाचतो आणि त्याला वाटतं, अरे, असं सांगितलंय वाटतं! याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. हे नाव सायमन विलिसन या प्रोग्रॅमरने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलं, म्हणजे दुखणं जुनंच आहे आणि पक्कं औषध अजून मिळालेलं नाही. मॉडेल शिकवताना अशा ओळींकडे दुर्लक्ष करायला शिकवतात, पण ते शंभर टक्के जमतंच असं नाही. वेब सर्च जोडला की जगातलं कुठलंही पान तुमच्या एडिटरशी बोलू शकतं, आणि एडिटरच्या हातात तुमच्या फाइल्स आणि टर्मिनल आहे.

विलिसननेच २०२५ मध्ये तीन गोष्टींची जोडी, नाही, तिकडी सांगितली. खाजगी माहिती वाचण्याची सोय, बाहेरचा अनोळखी मजकूर आणि बाहेर काही पाठवण्याची सोय. यातली एखादी असली तर चालतं, तिन्ही एकत्र आल्या की चोराला घर मोकळं. आता मोजा. एडिटर तुमच्या फाइल्स वाचतो, ही एक. सर्च अनोळखी पानं आणतो, दोन. आणि फेच? कुठलाही पत्ता उघडतो, त्या पत्त्यातच तुमची माहिती चिकटवून पाठवता येते, तीन! म्हणजे माझ्या रात्री पावणेतीनच्या जोडणीत तिन्ही हजर होत्या. हे मोजल्यावर मला जरा घाम फुटला.

हा नुसता बागुलबुवा नाही. २०२५ मध्ये संशोधकांनी कर्सरमधली एक फट दाखवली होती. एमसीपीने स्लॅक जोडलेलं असेल, तर स्लॅकवर टाकलेला एक तयार मेसेज वाचून एडिटर स्वतःच ती 'एमसीपी डॉट जेसन' फाइल बदलत होता आणि हल्लेखोराची कमांड तुमच्या मशीनवर चालू शकत होती. कर्सरने १.३ आवृत्तीत ती बुजवली. म्हणून एडिटर अपडेट ठेवा, आणि परवानगीची ती चौकट 'नेहमी हो' वर टाकू नका. सर्चला नेहमी हो म्हटलं तर एक वेळ समजू शकते, पण टर्मिनलच्या कमांडला आणि फेचला प्रत्येक वेळी वाचूनच हो म्हणा. कंटाळा येतो, मान्य. मी फेचचा पत्ता निदान डोमेनपर्यंत वाचते.

आणखी एक. तुमचा सर्च तिसऱ्या कंपनीकडे जातो, आणि शोधायचे शब्द मॉडेल ठरवतं, तुम्ही नाही. इंटर्नशिपला कंपनीचा कोड उघडून बसला असाल तर त्यातलं एखादं नाव किंवा एररची आख्खी ओळ शोधायला जाऊ शकते. तिथे विचारल्याशिवाय सर्च जोडू नका. (मी मराठीत प्रश्न विचारला तरी हा शोधतो मात्र इंग्रजीतच. म्हणजे कॉन्व्हेंटमध्ये गेलेली मी एकटी नाही!)

आणि की. हा माझाच पराक्रम आहे. ए.पी.आय. की मी थेट जेसन फाइलमध्ये लिहिली होती. फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, आणि प्रोजेक्ट गिटहबवर पब्लिक, कारण रिपोर्टमध्ये लिंक द्यायची होती. दुसऱ्या दिवशी लक्षात आल्यावर मी फाइल डिलीट करून पुन्हा पुश केलं आणि निश्चिंत झाले. ताई म्हणाली, "अगं बाई, गिट म्हणजे इतिहास. मागच्या कमिटमध्ये ती तशीच आहे." म्हणून की बाहेर पडली की एकच उपाय, सेवेच्या साइटवर जाऊन ती रद्द करणे आणि नवी घेणे. नवी की फाइलमध्ये लिहायचीच नाही. कर्सरमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं नाव देता येतं, व्ही.एस. कोडमध्ये पहिल्यांदा चालवताना की विचारून ती जपून ठेवण्याची सोय आहे. दोन्ही वापरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. माझ्या रद्द केलेल्या कीवर तोवर किती सर्च झाले होते ते मी मोजायला गेले नाही. भीती वाटली.

पुन्हा डेमोच्या दिवशी मी 'एलईडीसी-राइट'मध्ये १८ लिहिलेला कोड, त्या पानाची प्रिंट आणि एक जास्तीचा मॉसफेट घेऊन गेले. मॅडमनी विचारलं, अटॅचमधला ८ कशाचा? सांगितलं, रेझोल्यूशन, आठ बिट, म्हणून ० ते २५५ पर्यंतच ड्यूटी देता येते. आणि १० केला तर? १०२३ पर्यंत. मॅडमनी सेन्सरवर गरम चहाचा कप धरला आणि पंखा जोरात फिरायला लागला. समोरची प्रिंट उडून जर्नलच्या गठ्ठ्यावर जाऊन पडली. मॅडमनी ती उचलली, वरची तारीख आणि पत्ता वाचला आणि आपल्याकडेच ठेवून घेतली. पुढच्या बॅचच्या लॅब मॅन्युअलमध्ये अजून 'एलईडीसी-सेटअप'च छापलेलं होतं, ते त्यांना बदलायचं होतं.